आत्म्याने भरून जाण्याचे खात्रीशीर उपाय

इंदूरच्या समस्त बंधुभगिनींनो, प्रभूच्या नावाने सलाम. पवित्र आत्म्याने भरलेलं जीवन जगायचंय, पण नोकरी, मुलांचे क्लास आणि पलासिया चौकातला ट्रॅफिक यातून जमत नाही, ही तुमची तक्रार माझ्या कानावर आली आहे. घाबरू नका. परवाच आमच्या घरी पूर्ण भरलेल्या मंडळींची एक फौज येऊन गेली. त्यांना जवळून बघून जे शिकले, ते सांगते.

आधी आवाज. देवाचा कान जड झालेला नाही, असं यशया संदेष्टा म्हणतो, पण आपण काळजी घेतलेली बरी. साउंड बॉक्स दोन आणा. रात्री दहानंतर स्पीकर बंद, हा नियम 2000 सालचा आहे; तो वरातींसाठी असतो (वरातवालेही तो आपल्यासाठी आहे असंच समजतात).

अन्य भाषांत, म्हणजे आत्मा सुचवेल त्या, स्वतःलाही न कळणाऱ्या भाषांत बोला, सगळे एकदम. दोघांनी, फार तर तिघांनी, तेही पाळीपाळीने, आणि अर्थ सांगणारा नसेल तर गप्प बसावं, असं प्रेषित पौलाने करिंथकरांना पत्रात लिहिलं खरं. त्याला आपली शनिवारची सभा बघायला मिळाली नाही.

रेव्हरंड ना. वा. टिळकांची ख्रिस्ती भजनं कपाटात ठेवा. टाळावर कुणाला आत्मा चढत नाही.

उपास करा आणि ग्रुपवर कळवा.

साक्ष द्या. रविवारी संध्याकाळी छप्पन दुकानपाशी गाडी लावायला जागा मिळाली, ही साक्ष चालेल. (हा चमत्कार मलाही मान्य आहे.)

आत्म्याच्या फळाची यादी पाठ करा. त्या नऊ गुणांमध्ये सहनशीलता आहे. ती घरच्यांनी दाखवायची.

1905 सालच्या केडगावच्या संजीवनाची, म्हणजे आत्मिक जागृतीची, आठवण दर सभेत काढा. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनातल्या मुली कशा रडल्या, कशा प्रार्थनेत बुडाल्या, ते रंगवून सांगा. फक्त त्याआधी काही वर्षं, मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा, रमाबाई स्वतः तिकडे गेल्या आणि उपाशी पोरी गोळा करून केडगावला घेऊन आल्या, त्यांना खाऊ घातलं, कामाला लावलं, शिकवलं, एवढं गाळा. सभेचा मूड जातो.

आणि आजाऱ्यांना भेटा. भेटण्याची पद्धत मात्र नीट समजून घ्या. माझ्या सासूबाई एकोणऐंशी वर्षांच्या. न्हाणीघरात पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. हॉस्पिटलात असताना मी ग्रुपवर विचारलं, एखादी रात्र कुणी थांबेल का? उत्तरादाखल जोडलेले हात आले, खाली खाली रांगच लागली. माणूस एक नाही. रात्री थांबली ती शेजारची वहिनी, जिला आपण नाताळच्या करंज्या पोचवतो आणि जिच्या तारणासाठी वेगळी प्रार्थना करतो.

घरी आणल्यावर मात्र सगळे आले. गिटार आली, बॉक्स आला, जिन्यात चपलांचा ढीग. मी पोहे टाकले, वर शेव घातली, चहा दोनदा झाला. गाणी संपेनात. सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांना बेडपॅन हवा होता आणि एवढ्या लोकांत तो कसा मागायचा, हे त्यांना कळत नव्हतं. मी दोनदा उठले, दोनदा मला "सिस्टर, उपस्थिती जाणवतेय" म्हणून खाली बसवलं. शेवटी एका भरलेल्या बाईंनी सासूबाईंच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "आजी, विश्वास कमी पडतोय. काही पाप लपलं असेल तर कबूल करा."

पाप! ज्या बाईने उभा जन्म प्रभुभोजनाचे पेले धुतले, तिला? उपासना संपल्यावर तुम्ही आवारात फोटो काढत असता, तेव्हा आत नळाशी कोण उभं असतं, हे एकदा तरी बघितलंत? हाड विश्वास कमी पडला म्हणून नाही मोडलं. फरशी ओली होती आणि वय झालं होतं.

बायबलातलं प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय काढा. रोजच्या वाटपात काही विधवा राहून जात होत्या, म्हणून सात माणसं निवडायची होती. अट काय घातली? आत्म्याने आणि ज्ञानाने पूर्ण असलेली माणसं हवीत. काम काय होतं? पंगतीत वाढायचं. पहिला ख्रिस्ती हुतात्मा स्तेफन त्यातलाच. तुमच्यातल्या एकालाही सासूबाईंना पाणी पाजायचं सुचलं नाही. लाज वाटू द्या थोडी. इतकं गाऊन घसा कोरडा पडतो, मग बोलवतं कसं एका म्हातारीला "पाप कबूल कर" म्हणून?

सोमवारी त्यांचे टाके काढायचे आहेत. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. खुर्चीसकट खाली न्यायला चार माणसं लागतील. दर रविवारी तुमचे हात वर होतात, मी मागच्या बाकावरून बघते. म्हणजे खांदे धड आहेत. सकाळी नऊला या. गिटार घरी ठेवून या, आणि खाऊन या, पोहे मिळणार नाहीत.