छपरावरून कुत्री-मांजरं पडली नव्हती

पाऊस धरला की गोव्यातल्या आमच्या डिचोलीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तो संदेश हमखास येतो. मूळ इंग्रजी मजकूर १९९९ मध्ये ईमेलवरून फिरू लागला, आता मराठीतही फिरतो. त्यातला दावा असा की सोळाव्या शतकातल्या इंग्लंडात लोक जसे राहत, त्यातूनच रोजचे इंग्रजी वाक्प्रचार शब्दशः जन्मले. यंदा तो एका निवृत्त मास्तरांनी टाकला, खाली ‘मुलांना जरूर सांगा’. मी शाळेत इंग्रजी शिकवते. नका सांगू, निदान इतिहास म्हणून तरी.

पहिला मान ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’चा. म्हणे गवताच्या छपरात कुत्री-मांजरं उबेला राहत, पाऊस लागला की छप्पर निसरडं होई आणि ती घसरून खाली पडत. लिहिणाऱ्याने शाकारलेलं छप्पर बघितलेलं नसावं. पेडण्याला माझ्या आजोळी गोठा गवताने शाकारत. पेंढ्या इतक्या गच्च आवळत की बोट शिरायचं नाही. मांजर असायचं ते आत, वाशाच्या बेचक्यात. ते भर पावसात छपरावर कशाला जाईल? आणि कुत्र्याला तर वर चढायला शिडीच लावून द्यावी लागेल.

हेन्री व्हॉन नावाच्या कवीने १६५१ मध्ये काय लिहिलंय बघा: फेरीवाल्यांना असं छप्पर हवंय, जे कुत्र्या-मांजरांच्या सरींपासून त्यांचा माल वाचवील. म्हणजे तिथे छप्पर त्यांना अडवतं, पाडत नाही. संदेशवाल्याने वळचणीचं पाणी आढ्याला चढवलंय. १७१० मध्ये जोनाथन स्विफ्टने लंडनच्या पावसानंतर गटारातून वाहणारी बुडालेली पिल्लं आणि मेलेली मांजरं वर्णिली. काहींना उगम तिथे दिसतो, पण व्हॉन त्याच्याही साठेक वर्षं आधीचा. पक्का उगम कुणालाच सापडलेला नाही. आपण ‘मुसळधार’ म्हणतो, तेव्हा कुणाच्या माळ्यावरून मुसळं गडगडली होती का? शिवाय आजचे इंग्रज हा वाक्प्रचार बेतानेच वापरतात. तो खरा नांदतो आमच्या मुलांच्या निबंधाच्या वह्यांत.

पुढे एकाच थडग्यातून तीन वाक्प्रचार उकरलेत. जिवंत माणसं चुकून पुरली जात, म्हणून प्रेताच्या हाताला दोरी आणि वर घंटा बांधत, रात्रभर कुणीतरी कान देऊन बसे. त्यावरून ‘ग्रेव्हयार्ड शिफ्ट’ म्हणजे रात्रपाळी, ‘सेव्ह्ड बाय द बेल’ म्हणजे ऐनवेळी वाचणं आणि ‘डेड रिंगर’ म्हणजे हुबेहूब दुसऱ्यासारखा दिसणारा. गोष्ट भन्नाट आहे. घंटेची शवपेटीही खोटी नाही: फ्रांझ व्हेस्टर याने अमेरिकेत तिचं पेटंट घेतलं, पण ते १८६८ मध्ये. सोळावं शतक कुठे राहिलं?

घंटेने वाचणं आलं मुष्टियुद्धातून. १८६७ च्या क्वीन्सबेरी नियमांनी तीन मिनिटांची फेरी ठरली. मार खाऊन आडवा होणारा गडी घंटा झाली की तेवढ्यापुरता वाचे. ‘रिंगर’ म्हणजे अमेरिकन शर्यतींत लबाडीने बदलून आणलेला घोडा, आणि त्याच्यापुढचं ‘डेड’ म्हणजे मेलेला नव्हे, तंतोतंत. रात्रपाळीचं नावही अमेरिकेतलंच, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचं. वेर्ण्याच्या कारखान्यात रात्री काम करणारा माझा भाचा तिला नुसतं ‘थर्ड शिफ्ट’ म्हणतो.

गेल्या आठवड्यात दुसऱ्या बाकावरच्या एकाला गृहपाठ विचारला. त्याने दप्तर उपसलं, वही काही निघेना, कान लाल झाले आणि घंटा झाली. तेव्हा त्याने जो सुस्कारा सोडला, तोच त्या वाक्प्रचाराचा अर्थ. त्यात प्रेताचं काय काम?

नको ते टाकताना हवं तेही टाकणं, या अर्थाच्या ‘न्हाणीच्या पाण्यासकट मूल फेकणं’ या म्हणीची कथा मात्र जरा वेगळी. संदेशात अख्खं घर वर्षातून एकदा एकाच पाण्यात न्हातं, बाळ शेवटी, आणि पाणी इतकं काळं की बाळ दिसत नाही. इथे शतक जुळतं, देश नाही. थॉमस मुर्नर या जर्मन लेखकाने १५१२ मध्ये, म्हणजे पोर्तुगीज आल्बुकेर्कने गोवा घेतल्यावर दोनच वर्षांनी, मूर्खांची टर उडवताना ही म्हण छापली. इंग्रजीत ती आणली थॉमस कार्लाईलने, १८४९ मध्ये. आणि अर्थ कळायला घाणेरडं पाणी लागतच नाही. जत्रेतल्या नाटकाचा भोंगा रात्री दहानंतर नको, हे ठीक; पण म्हणून नाटकच बंद करा म्हणणारे आमच्या गावात आहेत. त्यांनी फेकलंच की मूल.

‘अप्पर क्रस्ट’चं पावाचा वरचा भाग पाहुण्यांना देण्यावरून जुळवलंय, पण बड्या लोकांसाठी हा शब्द एकोणिसाव्या शतकातला. (पोदेराच्या, म्हणजे आमच्या पाववाल्याच्या, उंडा पावाचा खरपूस तळ आमच्याकडे पाहुण्याच्या हाती लागतच नाही.) ‘थ्रेशोल्ड’, म्हणजे उंबरठा, हा शब्द तर प्राचीन इंग्रजीतला. त्यात पेंढा अडवून ‘होल्ड’ करणारी फळी वगैरे काही नाही.

हे सगळं थोडक्यात ग्रुपवर लिहिलं. मास्तरांनी हात जोडलेली खूण टाकली. संध्याकाळी तोच संदेश देवळाच्या ग्रुपवर आला, त्यांच्याच नंबरावरून.