डिकीतल्या फुफाट्याबद्दल

नमस्कार दादा. धुळीच्या रस्त्यावर गाडीचा पंखा बाहेरची हवा आत घेणाऱ्या बटणावर ठेवा, असं मी मागे लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया आधी इथे उतरवतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल आपण कशावरून भांडतोय.

"फुफाट्यात पंखा बाहेरच्या हवेवर ठेवा म्हणे! बाहेरची धूळ आत ओढायची आणि वर स्वच्छ हवेच्या गप्पा. तुमचं ऐकून माडग्याळहून उमदीकडं आडवाटेनं गेलो. घरी येऊन डिकी उघडली तर आत पिठाची गिरणी. कोंदटायला नको म्हणून मागची एक काच बोटभर उघडी ठेवली होती, तरी ही गत. खुर्चीत बसून लिहू नका."

खुर्चीचं राहू द्या. माझी सासुरवाडी तिकडेच, जत तालुक्यातल्या संखकडे आहे, त्या बाजूचा मुरूम मीही बराच खाल्लाय. पण तुमच्या बोटभर काचेवर मी अडलो. उत्तर तिथेच आहे.

लाल एसटीत शेवटच्या बाकावर कधी बसला असाल तर आठवा. धुरळा उडतो गाडीच्या मागे, गाडी चालते पुढे, मग तो मागच्या माणसांच्या डोक्यावर कसा बसतो? धावत्या गाडीच्या पाठीमागे हवेचा दाब कमी होतो आणि चाकांनी उडवलेली धूळ त्या पोकळीत घोटाळत राहते. मागची फट मिळाली की ती आत शिरते. तुमची कारही तेच करते, फक्त लहान प्रमाणात. म्हणजे स्वतःच्या गाडीची धूळ पुढून येतच नाही. पंखा हवा घेतो ती पुढच्या काचेच्या खालच्या जाळीतून, आणि समोर दुसरी गाडी नसेल तर तिथली हवा बऱ्यापैकी स्वच्छ असते.

आता पंखा बाहेरच्या हवेवर, दोन-तीन नंबरवर, आणि चारही काचा घट्ट बंद. आत हवा भरली जाते, दाब बाहेरच्यापेक्षा किंचित वाढतो आणि दारांच्या बारीक फटींतून हवा बाहेर निघते. जी फट हवा बाहेर फेकते तिच्यातून धूळ आत कशी येणार? खाणीतल्या मोठ्या डंपरच्या बंद केबिनमध्ये हेच तत्त्व वापरतात. एसी चालू की बंद, याचा दाबाशी संबंध नाही. आतलीच हवा फिरवणारं बटण दाबलं की हा दाब जातो, मग डिकीच्या रबरातून, वायरींच्या भोकांतून धूळ ओढली जाते. आणि काच बोटभर उघडली की काही उरतच नाही. भोक पडलेल्या ट्यूबमध्ये हवा भरल्यासारखं.

कोंदटण्याचं म्हणाल तर तो हिशोब तुमच्या विरुद्धच जातो. एक माणूस तासाला साधारण १८-२० लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. चौघे म्हटले तर मिनिटाला सव्वा लिटर. लहान गाडीत हवा धरा ३,००० लिटर. म्हणजे गाडी पूर्ण हवाबंद असती तर दर मिनिटाला ४०० पीपीएमची (दहा लाख भाग हवेत ४०० भाग) भर. बाहेरच्या हवेत मुळात असतो ४२० च्या आसपास. प्रत्यक्षात फटी असतात म्हणून वेग कमी, पण आतलीच हवा अर्धा तास फिरवली की डोकं जड होतं, डुलकी येते. तेव्हा माणूस काच उघडतो. तुम्हीही त्याच भीतीनं उघडलीत, पण पंखा बाहेरच्या हवेवर असताना तिची गरजच नव्हती.

आता माझ्या चुका. काचा बंद ठेवा हे मी अर्ध्या ओळीत उरकलं होतं, ते ठळक लिहायला हवं होतं. दुसरं, उसाच्या ट्रॉलीमागे किंवा ट्रकच्या लोटात अडकलात तर मिनिट-दोन मिनिटं आतली हवा फिरवणंच शहाणपणाचं, हे मी लिहिलंच नाही. तिथे समोरची हवाच धुळीची. लोट सरला की बटण परत बाहेरच्या हवेवर. त्याहून बरं म्हणजे थांबून त्याला पुढे जाऊ द्यावं. माडग्याळी मेंढरांचा कळप आडवा आला तरी आपण थांबतोच की.

तिसरी चूक मोठी. एसीचा फिल्टर कॉम्प्रेसरच्या हवेनं झटकून परत बसवा, असं मी लिहून बसलो होतो. तसं करू नका. जोराच्या हवेनं त्याचे धागे फाटतात, आणि पाण्यानं धुवायला गेलात तर बऱ्याच फिल्टरांना बारीक कण धरण्यासाठी दिलेला स्थिर विद्युतभार कमी होतो. डॅशबोर्डवर दिसते ती जाड धूळ. फुप्फुसात खोल जाते ती १० मायक्रॉनपेक्षा बारीक, माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा. फिल्टर तुंबला की पंख्याची हवा कमी, हवा कमी की दाब कमी, आणि धूळ पुन्हा मागच्या दारानं. म्हणून आपल्याकडे तो कंपनीनं सांगितलेल्या निम्म्या किलोमीटरलाच बदलावा. तो बहुतेक गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. काही स्वस्त मॉडेलांत नुसता खण असतो, फिल्टर नसतोच. तेही एकदा उघडून बघा. महागडा जाड फिल्टर मात्र डोळे झाकून बसवू नका, साध्या पंख्याला तो झेपला नाही तर हवाच येत नाही.

शेवटी फटींचं. माझ्या गाडीत रिव्हर्स कॅमेरा बसवणाऱ्यानं वायर ओढताना मागच्या दाराचा रबरी बूच काढला आणि तसाच ठेवला. वर्षभर मी फिल्टरला शिव्या देत होतो. रबराची पट्टी तपासायची तर दारात दहाची नोट धरून दार लावा. ओढल्यावर ती सुळकन निघाली तर तिथे पट्टी बसलेली नाही. बंपरमागच्या रबरी झडपाही बघा, हवा बाहेर सोडायच्या असतात त्या. चिखलानं उघड्याच अडकल्या तर धुळीला रस्ता मोकळा.

डिकी अजून धुतली नसेल तर थांबा. धुळीच्या रेघा कुठून सुरू झाल्यात ते बघा, फोटो काढून इथेच टाका. काचेकडून आल्या असतील तर मी सुटलो. दाराच्या खालच्या कडेनं आल्या असतील तर आधी रबर बदलून घ्या, मग माझी खरडपट्टी काढा.