ताई ची म्हणजे संथ चालणं नव्हे

'मेंदूच्या दृष्टीने ताई ची आणि चालणं सारखंच' हे एका लेखातलं वाक्य पटलं नाही. ताई ची म्हणजे संथ हालचाली ठरावीक क्रमाने करण्याचा चिनी व्यायाम. शांघायमध्ये १२० ज्येष्ठांवर ४० आठवडे झालेल्या प्रयोगात (प्रसिद्धी २०१२) ताई ची गटाच्या मेंदूचं आकारमान वाढलं, चालणाऱ्यांचं नाही. गंमत म्हणजे नुसत्या गप्पा-चर्चा करणाऱ्या गटाचंही वाढलं! म्हणजे बहुधा डोक्याला मिळणारं काम महत्त्वाचं.

त्यामुळे रोज व्हिडिओ लावून नक्कल करण्यात फारसा अर्थ नाही. आठवड्याला एक-दोनच हालचाली शिका आणि व्हिडिओ बंद करून क्रम आठवत करा. पाऊल उचलण्याआधी सगळं वजन दुसऱ्या पायावर घ्या. बहुतेकांची घाई इथेच होते. मग तोल जातो, गुडघा आत वळतो आणि दुखायला लागतो.