पैसे मोजूनही पुस्तक मॅकवर उघडत का नाही?

पैसे भरायचे, फाइल उतरवून घ्यायची, तिच्यावर डबल-क्लिक करायचं, आणि मॅकने सांगायचं की ही फाइल उघडणारं ॲपच नाही! डोकं फिरतं माझं. याच मशीनवर लोक अख्खे सिनेमे एडिट करतात, आणि दोनशे पानांची कादंबरी उघडत नाही?

ई-पुस्तकांच्या फाइली अनेक फॉरमॅटमध्ये येतात. त्यातले मॅकसोबत येणारं बुक्स ॲप ईपब आणि पीडीएफ उघडतं. बस्स. ॲमेझॉनच्या किंडलचे मोबी नाही, एझेडडब्ल्यू३ नाही. पीडीएफ दाखवणाऱ्या मॅकच्या प्रिव्ह्यू ॲपला तर ईपबही चालत नाही. वर लोक सल्ला देतात, 'एक्स्टेन्शन बदलून बघ ना.' अरे, नाव बदललं म्हणून आतला फॉरमॅट बदलतो का?

आणि तांत्रिक अडचण म्हणावी तर तीही नाही. ईपब म्हणजे झिप केलेली एचटीएमएलची, म्हणजे वेबपेजसारखी, पानं. २००७ पासूनचं खुलं मानक आहे ते. मोबी आणि एझेडडब्ल्यू३च्या पोटातही मुळात एचटीएमएलच. म्हणजे दाखवता येत नाही असं नाहीच, दाखवायचं नाहीये! मोबीपॉकेट कंपनी ॲमेझॉनने २००५ मध्ये विकत घेतली, तिच्या फॉरमॅटवर किंडल उभं केलं, आणि २०२२ मध्ये जाहीर केलं की किंडलवर फाइली पाठवायची सेंड टू किंडल सेवा आता मोबी घेणार नाही. २६ फेब्रुवारी २०२५ पासून तर विकत घेतलेली पुस्तकं वेबसाइटवरून कंप्युटरवर उतरवून घ्यायची सोयही काढून टाकली. त्यांना सोयीचं असेल तेव्हा फॉरमॅट बदलणार, आणि आम्ही फाइली घेऊन दारोदार फिरायचं.

सगळ्यात चीड येते ती एसीएसएम नावाच्या फाइलींची. एका ऑनलाइन दुकानातून मी संगीतावरचं पुस्तक घेतलं. पानावर मोठ्या अक्षरात 'ई-बुक' लिहिलेलं. हातात आली काही केबींची एसीएसएम फाइल. ते पुस्तक नव्हतंच, पुस्तक मिळवण्याची नुसती चिठ्ठी! आता अडोबी डिजिटल एडिशन्स हे ॲप टाका, अडोबी आयडी काढा, कंप्युटर ऑथराइज करा, मग खरं ईपब उतरतं, तेही कुलूपबंद, म्हणजे ठरावीक ॲपमध्येच उघडणारं. बुक्सला ते ईपब उघडता येत नाही. दुकानाला लिहिलं तर उत्तर आलं, फाइल डाउनलोड झाली आहे, पैसे परत मिळणार नाहीत. पण उघडते कुठे हे आधी सांगितलं होतं का तुम्ही?

जुन्या पुस्तकांची स्कॅन अनेकदा डेजाव्हू नावाच्या फॉरमॅटमध्ये असतात, त्यांची वेगळीच रड. त्यासाठी बाहेरचं फुकट ॲप आणलं की मॅक म्हणतो, याच्या डेव्हलपरची खात्री नाही. पूर्वी कंट्रोल-क्लिक करून ओपन म्हणता यायचं, २०२४ च्या मॅकओएस सिकोयापासून तेही गेलं. आता सेटिंग्जमध्ये जा, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी शोधा, ओपन एनीवे दाबा, पासवर्ड द्या. एक पुस्तक वाचायला!

कोविद गोयल यांनी २००६ मध्ये सुरू केलेलं कॅलिबर हे ई-पुस्तकांचं ॲप आहे म्हणून निभावतंय. मोबी द्या, एझेडडब्ल्यू३ द्या, फुकटात उघडतं. एवढ्या गडगंज कंपन्यांना जे करायचं नाही ते या माणसाने करून ठेवलंय, त्याचे उपकार मानावे तितके थोडे. पण कुलूपबंद फाइलपुढे तेही थांबतं.

मराठी प्रकाशकांवरही माझा राग आहे. अजूनही जुन्या, युनिकोड (सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना ठरावीक क्रमांक देणारं मानक) नसलेल्या फॉन्टमधल्या पीडीएफ विकतात काहीजण. त्यांचं कॅलिबरमध्ये ईपब करायला जावं तर देवनागरीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा कचरा येतो. शोधायला गेलं तर एक शब्द सापडत नाही. युनिकोड काय काल आलाय?

किमतीशेजारी दोन ओळी लिहा: फाइल कुठल्या प्रकारची, कुलूप आहे की नाही, आणि मॅकवर कुठल्या ॲपमध्ये उघडेल. आणि नाही उघडली तर मुकाट्याने पैसे परत करा.