रिंकू सिंग मेजर लीगमध्ये खेळलाच नाही

व्हॉट्सॲपवर अधूनमधून एक मजकूर फिरतो. उत्तर प्रदेशातल्या दोन गरीब क्रिकेटपटूंनी टीव्हीवर दहा लाख डॉलर जिंकले, पिट्सबर्ग पायरेट्स या बेसबॉल संघाने त्यांना घेतलं आणि ते अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये, म्हणजे बेसबॉलच्या सर्वोच्च स्पर्धेत, खेळून करोडपती झाले, असा त्याचा आशय. माणसं खरी आहेत: रिंकू सिंग (आयपीएलमध्ये षटकार मारणारा तो वेगळा) आणि दिनेश पटेल. पायरेट्सने 2008 च्या नोव्हेंबरमध्ये त्यांना करारबद्ध केलं, हेही खरं. बाकीचं तपासून घेऊ.

क्रिकेटपटू? दोघेही भालाफेक करणारे. बेसबॉलचा चेंडू त्यांनी ‘मिलियन डॉलर आर्म’ या वेगाने चेंडू फेकण्याच्या टीव्ही स्पर्धेच्या निमित्ताने हाती घेतला.

दहा लाख डॉलर? रिंकूला 1 लाख मिळाले. दहा लाखांसाठी ताशी 90 मैलांची अट होती, त्याचा वेग 87 च्या आसपास. ते मोठं बक्षीस कुणालाच मिळालं नाही.

मेजर लीग? इथे खरी गफलत आहे. आपल्याकडे करार झाला की माणूस संघात आला असं आपण धरून चालतो. अमेरिकन बेसबॉलमध्ये करार म्हणजे शिडीच्या पायथ्याशी उभं राहण्याची परवानगी. मुख्य संघाच्या खाली त्याचेच अनेक संघ असतात, त्यांना मिळून मायनर लीग म्हणतात: नवख्यांची रुकी लीग, मग सिंगल-एचे टप्पे, डबल-ए, ट्रिपल-ए. 2009 मध्ये हे दोघे फ्लोरिडातल्या गल्फ कोस्ट लीगमध्ये, म्हणजे रुकी स्तरावर, खेळू लागले. दिनेशला 2010 च्या अखेरीस सोडून दिलं. रिंकू 2011 मध्ये वेस्ट व्हर्जिनिया पॉवर या संघापर्यंत चढला. तो लो-ए, म्हणजे सिंगल-एमधला खालचा स्तर; त्याच्या वर हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए आणि मग कुठे पिट्सबर्ग. पुढे डाव्या कोपराच्या शस्त्रक्रियेने आणि दुखापतींनी त्याचे हंगामच्या हंगाम गेले.

करोडपती? त्या काळात पहिल्या करारावरच्या मायनर लीग खेळाडूला महिन्याला जेमतेम 1,100 डॉलर मिळत, तेही हंगाम चालू असेपर्यंतच. वसंतातल्या सराव शिबिराचा पगार नाही, हिवाळ्यात काहीच नाही. शिवाय करार सात हंगामांचा: क्लब हवा तेव्हा सोडणार, खेळाडूला मात्र दुसरीकडे जायची सोय नाही. याविरुद्ध खेळाडू 2014 मध्ये कोर्टात गेले, 2022 मध्ये 18.5 कोटी डॉलरवर तडजोड झाली. लो-एचा वार्षिक किमान पगार 11 हजारांवरून 26 हजार डॉलरच्या पुढे गेला तो 2023 च्या सामूहिक करारात. म्हणजे रिंकूच्या उमेदीच्या काळात नव्हे. स्पर्धेतले ते 1 लाखच, मला वाटतं, त्याची बेसबॉलमधली सगळ्यात मोठी कमाई असावी.

खोटं उघड झालं की काही जण लगेच दुसऱ्या टोकाला जातात: म्हणजे फुसका बारच होता. हे तर मला जास्त खटकतं. ज्या लीगमध्ये शाळेपासून पिचिंग (बेसबॉलमधली गोलंदाजी) करणारी मुलंही गळतात, तिथे विशीत खेळ शिकलेल्या रिंकूने लो-एमध्ये दर नऊ डावांमागे दिलेल्या धावांची सरासरी तीनच्या आसपास ठेवली; ती जितकी कमी तितकी चांगली. ड्राफ्टमधून, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतून, आलेले कितीतरी अमेरिकन तिथवरही पोचत नाहीत. जुलै 2009 मध्ये अमेरिकेतला व्यावसायिक सामना जिंकणारा पहिला भारतीय पिचरही तोच.

2018 मध्ये तो डब्ल्यूडब्ल्यूई या मनोरंजक कुस्तीच्या कंपनीत गेला आणि पुढे ‘वीर महान’ या नावाने रिंगणात उतरला. तिथेही सुरुवात एनएक्सटी या खालच्या गटातूनच.