म्हणे, ‘तो उधरीच चलाओ ना!’

माझ्या कॉम्प्युटरचं ग्राफिक्स कार्ड गेलेलं नव्हतं. कॅबिनेट अजून काउंटरवर नीट टेकलंही नव्हतं, बाजूचं झाकण उघडायची गोष्टच सोडा, आणि दुकानातला तो माणूस मोबाईलवरून मान वर न करता मला सांगतो, ‘कार्ड उड गया है सर.’ वर पुन्हा, ‘प्रोसेसर चेंज किया ना, पुराना कार्ड कभी कभी चला जाता है.’ असं काहीही नसतं! आणि लगेच नव्या कार्डाचा भाव. चोवीस हजार.

डोंबिवलीहून दादर, दादरचा तो पूल, मग स्लो लोकलने ग्रँट रोड, तिथून चालत लॅमिंग्टन रोडचा कॉम्प्युटर बाजार. चादरीत गुंडाळलेलं कॅबिनेट पोटाशी धरून, आठवड्यात दुसऱ्यांदा. पुलावर लोकांच्या शिव्या खाल्ल्या त्या वेगळ्याच.

शनिवारी गेलो होतो तेव्हा काम केवढं होतं? जुना रायझन २२००जी प्रोसेसर काढायचा, ५६००जी बसवायचा. बी४५० मदरबोर्ड, त्याचा बायोस, म्हणजे बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर, मी घरीच अपडेट करून नेलेला. फिटिंगचे पाचशे रुपये मोजून घेतले आणि त्या पोराने कूलर सरळ वर ओढला. प्रोसेसर आणि कूलरमधली सहा वर्षांची, सुकून दगड झालेली पेस्ट. लिव्हर लावलेली असतानाच प्रोसेसर कूलरला चिकटून सॉकेटमधून उपटून वर आला. मी ओरडलोच. ‘कुछ नहीं होता सर.’ अरे, मशीन दहा मिनिटं चालवून गरम करायचं, कूलर हलकेच डावी-उजवीकडे फिरवायचा आणि मग उचलायचा, हे दिवसभर हेच काम करणाऱ्याला गिऱ्हाइकाने शिकवायचं का? नवा प्रोसेसर बसवताना तो माझ्याकडे पाठ करून उभा. मग मॉनिटरची केबल बोर्डाच्या एचडीएमआयला लावली, बायोस दाखवला, ‘ओके है.’ ५६००जीला स्वतःचं ग्राफिक्स आहे, चित्र येणारच! केबल कार्डाला लावून कुणी बघायची?

घरी आल्यावर आधी बिटलॉकरच्या, म्हणजे विंडोजच्या डिस्क-कुलपाच्या, त्या ४८ आकडी रिकव्हरी कीचं नाटक. प्रोसेसर बदलला, त्यातलं एफटीपीएम, जिथे त्या कुलपाची किल्ली असते, रीसेट झालं, की हे विचारणार. रात्री साडेअकराला फोनवर बघत एकेक आकडा टाकतोय. विंडोज उघडलं, एडिटिंगचं रिझॉल्व्ह उघडलं, तर जीपीयूच, म्हणजे ग्राफिक्स कार्डच, नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये फक्त प्रोसेसरचं रेडिऑन. माझं १६६० सुपर कार्ड कुठेच नाही, पिवळा त्रिकोण लावूनसुद्धा नाही. पंखे मात्र फिरतायत. काढून पुन्हा बसवलं, पॉवरची केबल बदलली, सेल काढून सीमॉस, म्हणजे बायोसची सेटिंग्ज, क्लिअर केला, ड्रायव्हर पुसले. चौदा-चौदा मिनिटांचे व्हिडिओ बघितले, त्यातली चार मिनिटं संगीत आणि सबस्क्राइब करा, आणि शेवटी काय, रीस्टार्ट करा. संताप येतो नुसता.

इकडे लग्नाच्या दोन फिल्म अडकलेल्या. मुलीचे वडील रोज सकाळी फोन करतात, ‘दादा, पेन ड्राइव्ह आज मिळेल ना?’ त्यांचं काही चुकत नाही.

सोमवारी रात्री कार्ड खालच्या लांब स्लॉटमध्ये लावलं आणि ते लगेच दिसलं! वरच्या स्लॉटच्या लेन, म्हणजे डेटाच्या वाटा, थेट प्रोसेसरमधून येतात, माझ्या बोर्डावर खालच्याच्या चिपसेटमधून. म्हणजे कार्ड जिवंत, भानगड प्रोसेसर नाहीतर सॉकेटमध्ये. मंगळवारी काउंटरवर हे सगळं नीट, शांतपणे सांगितलं. एकदा उघडून बघा म्हटलं. त्यावर तो काय म्हणाला?

‘नीचे चलता है ना? तो उधरीच चलाओ ना!’

खालच्या स्लॉटला चारच लेन, त्याही जुन्या, कमी वेगाच्या जेन २. सोळा लेनचं कार्ड मी चार लेनवर चालवायचं, कारण याला चार स्क्रू काढायचे नाहीत! प्रोसेसर विकत घेतला मी, फिटिंगचे पैसे दिले मी. कूलर काढून खाली बघायला दहा मिनिटं लागतात. ती दहा मिनिटं कुणी देत नाही. गाडीच्या गॅरेजमध्ये तेच, फ्रिज दुरुस्तीला तेच. झाकण उघडायच्या आधी पार्ट गेला म्हणून सांगायचं आणि नव्याचं बिल हातात द्यायचं.

परत तोच पूल, तेच ओझं. घरी येऊन मीच उघडलं. खिडकीशी प्रोसेसर उलटा धरला, टॉर्च तिरका मारला. १३३१ पिना. कडेपासून तिसऱ्या ओळीत एक पिन शेजारणीवर रेललेली, आणि बुडाशी सुकलेल्या पेस्टचा राखाडी कण. पेन-पेन्सिलचं शिसं काढून तिची रिकामी नळी त्या पिनेवर चढवली आणि श्वास रोखून केसभर, केसभर सरळ केली. कण ब्रशने आणि आयसोप्रोपिलने काढला. प्रोसेसर ठेवला तर स्वतःच्या वजनाने आत बसला, बोट लावावं लागलं नाही. कार्ड वरच्या स्लॉटमध्ये, केबल कार्डाला. चित्र आलं.

पहिली फिल्म आत्ता रेंडर होतेय. शनिवारी मी पुन्हा जाणार आहे, कॅबिनेट घरी ठेवून, फिटिंगची पावती आणि त्या वाकलेल्या पिनेचा फोटो घेऊन. पाचशे रुपये हातात पडल्याशिवाय काउंटरवरून हलणार नाही.