सबटायटल राहू दे, ताट बघ

डाएटवाल्या बाईंनी सांगितलंय, संध्याकाळी सातनंतर तोंडात काही जाता कामा नये. डोळ्यांचं त्या काहीच बोलल्या नाहीत, आणि आमच्याकडे साडेदहाला कोरियन सिरीयल लागते!! त्यात माणसं दर दहा मिनिटांनी काहीतरी ओरपत असतात, बाहेर तो रस्स्याचा फुर्रर्र आवाज आणि माझ्या पोटात दुपारचा दोडका.

सोबतीला सासूबाई. त्यांना सबटायटल वाचवत नाहीत, चष्मा नेहमी दुसऱ्या खोलीत. पण त्यांचं काही अडत नाही, त्या फक्त कोण कुणाला वाढतंय ते बघतात. 'क्रॅश लँडिंग ऑन यू'मध्ये ती दक्षिण कोरियातली श्रीमंत पोरगी वादळात पॅराग्लायडरसकट उडून उत्तर कोरियात पडते आणि तिथला कॅप्टन तिला घरी नूडल्स करून घालतो, तेव्हाच यांनी निकाल दिला, "हा हिला सोडत नाही आता." पुढे त्याने तिच्यासाठी कॉफीच्या बिया भाजून, हाताने दळून कॉफी केली तर म्हणाल्या, "बघ, शिक हो काहीतरी." हे मला नव्हतं, बाजूला घोरणाऱ्या त्यांच्या चिरंजीवांना होतं.

सिरीयलमधली माणसं पातेल्यातूनच रामेन (रस्स्यातल्या नूडल्स) खातात आणि झाकणाचं ताट करतात ते मात्र त्यांना अजिबात चालत नाही. पातेल्यात खाल्लं की लग्नात पाऊस पडतो म्हणे. म्हणूनच या लोकांना प्रेमात पडायला सारखी छत्री लागते, असं त्यांचं मत (मला तर पटलं).

खरा राडा केला 'रिप्लाय १९८८'ने. सोलमधली गल्ली, ऑलिंपिकचं वर्ष, जेवायच्या वेळी आया पोरांच्या हातात वाडगे देऊन शेजारी पिटाळतात आणि पोरं तिकडून दुसरंच काहीतरी घेऊन परत येतात. सासूबाई खूश, "रिकामी वाटी परत द्यायची नसते, यांना पण माहितीये!" पण त्यातली मधली मुलगी दॉक-सन, तिच्या वाट्याला अंडं येत नाही, कोंबडीची तंगडी पण बहिणीला आणि भावाला, वर वाढदिवस बहिणीच्याच केकवर उरकतात. सासूबाई पण तिघांतल्या मधल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी दॉक-सनच्या आईबद्दल दूधवाल्याला, जिन्यात भेटलेल्या जोशीकाकूंना आणि फोनवर स्वतःच्या थोरल्या बहिणीला सांगितलं, आणि बहिणीशी बोलताना आवाज जरा जास्तच चढला होता.

त्या रात्री माझा धीर सुटला. कोरियन रामेनचं पाकीट आणून ठेवलेलंच होतं. पहिल्या घासाला कानातून धूर. सासूबाईंनी शांतपणे उठून त्यात दाण्याचं कूट आणि गुळाचा खडा टाकला, वर कोथिंबीर. कोरियात कुणाला सांगू नका पण भारी लागलं. वासाने नवरा उठला, "शेवयांची आमटी केलीये का?" म्हणत अर्धं पातेलं संपवलं, पातेल्यातूनच. सासूबाई म्हणाल्या, "खा. तुझं लग्न झालंय, आता पडू दे पाऊस."

आता 'ज्युएल इन द पॅलेस' लावणार आहोत. ५४ एपिसोड, त्यातले कितीतरी राजवाड्याच्या मुदपाकखान्यात. डाएटवाल्या बाईंना पुढच्या महिन्याचे पैसे मी अजून पाठवलेले नाहीत.